सलमा सुलतान यांच्याबद्दलचा तो मजकूर चुकीचा आहे

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या दूरदर्शनच्या जुन्या वृत्तनिवेदिका सलमा सुलतान यांचा फोटो फिरतोय. कानामागे गुलाब, आणि खाली मजकूर: 'देशातली पहिली महिला वृत्तनिवेदिका. इंदिराजींच्या हत्येची बातमी सर्वांत आधी हिने दिली. त्या काळी सुंदर चेहरा असला आणि समोरचा कागद वाचता आला की झालं.' पाठवणाऱ्यांना कौतुकच करायचं असेल, पण तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिसरं तर अपमानच करतं.

पहिलेपणाचा मान प्रतिमा पुरी यांचा. दिल्ली दूरदर्शनवर १९६५ साली पाच मिनिटांचं बातमीपत्र सुरू झालं, ते त्यांनी वाचलं. मूळच्या शिमल्याच्या, आकाशवाणीतून आलेल्या. सलमाजी १९६७ मध्ये आल्या. काहीजण हा मान स्मिता पाटीलला देतात. पण ती ज्या मुंबई केंद्रावर बातम्या वाचायची, ते केंद्रच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी.

आता ३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी सव्वानऊच्या सुमारास इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. निधनाची बातमी बीबीसीने दिवसाच दिली, आकाशवाणीने संध्याकाळी सहाला. दूरदर्शनवर सलमाजी आल्या त्यानंतर. म्हणजे त्या पहिल्या नव्हत्या. तरी रामबागेत शेजारच्या काकूंकडे आम्ही पंधरा-वीस माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. दिवसभर नुसत्या अफवा कानावर पडत होत्या. बातमी वाचून झाली तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "म्हणजे खरंच गेल्या." सलमाजींनी सांगितल्याशिवाय त्यांचा विश्वासच बसला नव्हता. पुढे उसळलेल्या दंगलीत आमच्या इंदूरचा होळकरांचा राजवाडा जळाला. शहरं अशी पेटू शकतात अशा वेळी देशभर ऐकला जाणारा आवाज चढूही द्यायचा नाही आणि रडवेलाही होऊ द्यायचा नाही, हे नुसतं 'वाचणं' कसं म्हणायचं?

आणि तो कागद खरोखरच कागद होता. त्या काळी समोर टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे मजकूर दाखवणारा पडदा, नसायचा. पानावरचं वाक्य नजरेत धरायचं, मान वर करून प्रेक्षकांकडे बघत ते पुरं करायचं आणि पुन्हा नेमक्या ओळीवर यायचं. सगळं थेट प्रक्षेपण, चुकलं तर ते देशासमोर. हिंदीतली नावं, उर्दू शब्दांचे नुक्ते (उच्चार बदलणारी अक्षराखालची टिंबं), परदेशी गावांचे उच्चार, सगळं जिभेवर हवं. हे काम त्यांनी १९९७ पर्यंत, तब्बल तीस वर्षं केलं. निव्वळ चेहऱ्यावर कोणी तीस वर्षं टिकत नाही. पुढे त्यांनी दूरदर्शनसाठी 'पंचतंत्र से', 'सुनो कहानी', 'जलते सवाल' या मालिका दिग्दर्शित केल्या, याचा मजकुरात उल्लेखही नाही.

फोटो जरूर पाठवा, गुलाबासकट पाठवा. फक्त खालच्या त्या तीन ओळी काढा, आणि सोबत प्रतिमा पुरींचं नाव लिहा.