दादासाहेबांची टिंगल? नाही सर, जरा ऐकून घ्या

नमस्कार सर,

रविवारच्या शोनंतर तुम्ही आम्हाला एक स्टारचा रिव्ह्यू दिलात, तो पूर्ण वाचला. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', म्हणजे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा आपल्याकडचा पहिला पिक्चर कसा काढला त्याची गोष्ट, त्याबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दीडशे रुपये घेऊन जुना लो बजेट पिक्चर दाखवला, त्यात ना मोठा हिरो ना गाणी, पोस्टरवर ऑस्कर लिहून फसवलं, आणि मुख्य म्हणजे दादासाहेब फाळक्यांसारख्या माणसाला विदूषक केलं, तेही नाशकात, त्यांच्याच जिल्ह्यात. आणि खुर्च्या लाकडी, पैसे परत करा.

खुर्च्यांचं आधी उरकून टाकतो. लाकडीच आहेत, बुकिंग करताना लिहिलेलं येतं, काउंटरवर उशा ठेवल्यात, मागितली की मिळते. झालं.

ऑस्करचं. पोस्टरवर आम्ही "ऑस्कर विजेता" असं कुठेही लिहिलेलं नाही, "भारताची अधिकृत एंट्री" लिहिलंय आणि ते शंभर टक्के खरं आहे. २००९ साली देशातून जो एक पिक्चर पाठवला तो हाच, 'श्वास' नंतरचा दुसरा मराठी. पुढे नॉमिनेशन मिळालं नाही ही गोष्ट वेगळी, आणि शो सुरू व्हायच्या आधी मी स्वतः माईकवर तेही सांगतो, तुम्ही बहुतेक तेव्हा पार्किंगमध्ये असाल. शिवाय २००८ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पण ह्यालाच आहे.

आता टिंगल. ह्यावर मात्र मी गप्प बसू शकत नाही सर, कारण हा पिक्चर मी मुद्दाम लावतो आणि लावत राहणार.

तुम्ही म्हणता एवढा मोठा माणूस आणि पडद्यावर तो पोरांसमोर जादूचे प्रयोग करतोय, घरातलं सामान विकतोय आणि बायको हसतेय, हे काय चाललंय. अहो पण फाळके खरंच जादूगार होते ना! स्वतःचं आडनाव उलटं करून "प्रोफेसर केळफा" नावाने प्रयोग करायचे. हे दिग्दर्शकाने पदरचं घातलेलं नाही. छापखान्याच्या धंद्यात पार्टनरशी बिनसलं, सगळं सोडून दिलं, घरी पैसे नाहीत आणि ह्या माणसाला चाळिशीत सिनेमाचं वेड लागलं, एवढे पिक्चर बघितले की डोळे गेले, ते कसेबसे परत आले तर परत तेच. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. मग कुंडीत वाटाणा लावला, त्याच्या कोंबाचे रोजच्या रोज थोडे थोडे फोटो घेतले आणि वेल भराभर वाढताना पडद्यावर दाखवला, ते बघून सावकाराने पैसे काढले. आता ही गोष्ट तुम्ही रडत सांगा नाहीतर हसत सांगा, माणूस तोच राहतो. मला विचाराल तर रडत सांगितली असती तर तो खोटा वाटला असता.

तारामतीचा, म्हणजे हरिश्चंद्राच्या राणीचा, प्रसंग घ्या. बाई मिळेना, कोणीच पडद्यावर यायला तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी पेपरात जाहिरात दिली आणि जी तोंडं आली ती बघून पुढच्या जाहिरातीत लिहावं लागलं की कुरूप लोकांनी येऊ नये. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारा साळुंके हा पोरगा तारामती झाला. पिक्चरमध्ये बायकांची कामं करणारे बाप्ये मिशी काढायला तयार होत नाहीत, बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची म्हणून, तिथे रविवारी तुमच्याच रांगेत कोपऱ्यातल्या एक आजी डोळ्याला पदर लावून हसत होत्या, आणि हसू थांबल्यावर शेजारच्या नातवाला सांगत होत्या की अरे खरंच असंच होतं, आमच्याकडे पण तेराव्यापर्यंत कोणी आरशात बघायचं नाही. ह्यात टिंगल कोणाची झाली? मला तर वाटतं त्या काळातली माणसं एवढ्या जवळून मराठी सिनेमात फार कमी वेळा दिसली. आणि हाच साळुंके पुढे १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये राम पण झाला आणि सीता पण, तेव्हा गंमत कोण करत होतं तुम्हीच ठरवा.

बरं, खुद्द दादासाहेबांना विनोदाचं वावडं होतं का? 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थेटरला लागला तेव्हा त्या खेळात नाच, कसरती, "टिप टॉप कॉमिक्स" असं सगळं एका तिकिटात होतं, आणि पुढचा 'मोहिनी भस्मासुर' त्यांनी लावला तो 'पिठाचे पंजे' नावाची स्वतःची छोटी कॉमेडी जोडून. पुतळा आपण केला सर, हार घालून.

फाळक्यांच्या बायको सरस्वतीबाई हसतात ते तर मला सगळ्यात जास्त पटतं. विभावरी देशपांडे काय सुंदर दिसल्यात त्यात, नवऱ्याच्या वेडात सामील झालेली बाई. खऱ्या आयुष्यात त्या अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. एवढं करणारी बाई पिक्चरभर कपाळाला हात लावून बसलेली दाखवली असती तर तुम्हाला पटलं असतं?

लो बजेट म्हणालात त्याचं सांगतो. परेश मोकाशी नाटकातला माणूस, हा त्यांचा पहिला पिक्चर. बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र वाचून डोक्यात बसलं, स्क्रिप्ट २००५ मध्ये तयार, आणि मग वर्षानुवर्षं प्रोड्युसर मिळेना. मोठा स्टार घ्या, गाणी टाका, म्हणजे अगदी तुम्हाला जे हवं होतं तेच सगळे सांगत होते, ते त्यांनी ऐकलं नाही आणि स्वतःची प्रॉपर्टी गहाण टाकून पिक्चर काढला. फाळक्यांनी पॉलिसी टाकली, ह्यांनी घरदार टाकलं. नंदू माधव काही पोस्टरवर नाव बघून गर्दी खेचणारे नव्हेत, पण दहा मिनिटांनंतर तुम्हाला दुसरा फाळके डोळ्यासमोर आणता येतो का सांगा. आणि १९११-१३ ची मुंबई उभी केलीय नितीन देसाईंनी, ट्राम, चाळी, लंडनसकट. पैसा कमी असेल, पण तो कुठे घालायचा ते कळत होतं. तयार झाल्यावरही थेटरात यायला जानेवारी २०१० उजाडलं, ते पण पुरस्कार आणि ऑस्करची बातमी झाल्यावर यूटीव्हीसारखी मोठी कंपनी मागे उभी राहिली म्हणून. मग मात्र लोकांनी कौतुक केलं, मराठी न येणाऱ्यांनी सुद्धा.

एक तक्रार मी तुमच्या वतीने करतो, शेवटाकडे पिक्चर घाईत संपल्यासारखा वाटतो आणि फाळक्यांच्या कर्जाचा, नंतरच्या हालाचा भाग येतच नाही. तेवढं लिहिलं असतंत तर मी मान डोलावली असती. पण गोष्ट दोन वर्षांचीच सांगायची हे त्यांनी ठरवलेलं, आणि त्या दोन वर्षांत तो माणूस खरंच मजेत होता.

"फॅक्टरी म्हणजे काय, काहीही नाव" असं पण लिहिलंत. सिनेमात काम करतो म्हणायची तेव्हा लाज होती, म्हणून फाळके आपल्या लोकांना सांगायचे की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. पिक्चरमध्ये आहे हे, तेव्हा तुम्ही फोनवर होतात. मागच्या रांगेतून स्क्रीनचा उजेड दिसतो सर.

पैसे परत मिळणार नाहीत. शो पूर्ण झाला, साउंड नीट होता, पिक्चर आवडला नाही म्हणून रिफंड दिला तर मला पुढच्या महिन्यात हॉलचं भाडं भरता येणार नाही. रिव्ह्यू काढा असंही म्हणत नाही, राहू द्या, खाली माझं उत्तर पण राहील. पुढच्या शनिवारी सात वाजता परत हाच लावतोय, रीतसर परवानगी घेऊनच, तिकीट तेवढंच. यायचं असेल तर काउंटरवर उशी मागून घ्या आणि फोन सायलेंटवर टाका.