कांदा, कंद आणि दृढकंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ग्लॅडिओलस आणि त्याच्या नातलगांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांनी लेख वाचला आहे पण ती प्रतिक्रिया पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. ग्लॅडिओलसच्या गड्ड्याला रोपवाटिकेत सगळेच ‘बल्ब’ किंवा ‘कंद’ म्हणतात, तेव्हा ‘दृढकंद’ (जमिनीखालचे फुगलेले, घट्ट खोड) हा शब्द वापरणे ही निव्वळ पंडिती हौस आहे, हा आपला पहिला आक्षेप. कळलावी, निशिगंध, केशर आणि ग्लॅडिओलस ही सगळी कंदवर्गीय फुलझाडे असताना मी त्यांना निरनिराळ्या कुलांत (फॅमिलींत) का विखुरले, हा दुसरा. महाविद्यालयात आपण शिकलेले वर्गीकरण आता चुकीचे ठरत असेल, तर आजचे वर्गीकरणही उद्या चुकीचे ठरणार नाही कशावरून, हा तिसरा. आणि सोलापूरच्या उन्हात या थंड हवेच्या झाडांची चर्चा करून कोणाचे भले होणार, असा चौथा टोलाही आपण हाणला आहे.

उत्तराला लागण्यापूर्वी एक चूक कबूल करतो. ‘दृढकंद हे केसर कुलाचे लक्षण आहे,’ असे वाक्य माझ्या लेखात होते. आपण त्यावर नेमके बोट ठेवले नसले, तरी आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे मूळ त्या वाक्यातच असावे. ते वाक्य दोन्ही बाजूंनी चूक होते. केसर कुलातल्या सर्व वनस्पतींना दृढकंद नसतो, कारण ज्याच्यावरून या कुलाला इरिडेसी हे शास्त्रीय नाव मिळाले त्या आयरिसच्या बहुतेक जातींना जमिनीलगत आडवे वाढणारे मूलक्षोड असते, तर काही जातींना कांद्यासारखा कंद. उलट दृढकंद असलेल्या सर्व वनस्पती केसर कुलातल्या नसतात, कारण आपला सुरण आणि अळू या दोघांचेही गड्डे दृढकंदच आहेत आणि ते सुरण कुलात मोडतात. लेखातले वाक्य मी दुरुस्त केले आहे. केसर कुलात क्रोकॉइडी नावाचे जे उपकुल आहे, त्यातल्या जवळजवळ सर्व वनस्पतींना दृढकंद असतो, एवढेच तिथे म्हणायला हवे होते. ग्लॅडिओलस, केशर, फ्रीझिया, वॉटसोनिया, क्रोकॉस्मिया ही मंडळी त्या उपकुलातली.

आता शब्दाकडे वळू. कांद्याच्या आवकेसाठी जिथली बाजार समिती राज्यभर ओळखली जाते, त्या सोलापुरात कांदा समजावून सांगण्याची गरज नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. कांदा उभा चिरला तर बुडाशी एक लहानशी कठीण चकती दिसते आणि तिच्यावर एकात एक बसलेले मांसल पापुद्रे दिसतात. ती चकती म्हणजे कांद्याचे खोड आणि ते पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ. कांद्याची सगळी साठवण पानांत असते. आता सुरणाचा गड्डा किंवा ग्लॅडिओलसचा गड्डा चिरून पाहा. आत पापुद्रा एकही सुटत नाही, सगळा गर एकसंध आणि घट्ट असतो, कारण तिथे साठवण खोडातच झालेली असते. ग्लॅडिओलसच्या गड्ड्यावरची कागदासारखी किंवा जाळीदार साले सोलली की त्याच्या अंगावर आडवी वर्तुळे दिसतात. ती खोडाची पेरे, आणि पेरांवरचे बारीक उंचवटे म्हणजे डोळे. म्हणूनच सुरणाच्या फोडी करून लावता येतात. फोडीला अंकुर फुटणारा भाग असला म्हणजे ती उगवते. बटाटाही खोडच आहे, पण त्याच्यावर जुन्या पानांच्या तळांची अशी साले नसतात आणि तो जमिनीखालच्या फांदीच्या टोकाला धरतो, म्हणून त्याला ग्रंथिक्षोड हे वेगळे नाव आहे. दृढकंदाला काही मराठी पुस्तके घनकंदही म्हणतात. मला दोन्ही शब्द चालतात. न चालणारी गोष्ट एवढीच, की चार वेगळ्या रचनांना एकच नाव द्यायचे आणि मग त्या नावाच्या आधारावर त्यांचे नाते जुळवायचे.

या भेदाला पंडिती हौस म्हणता येणार नाही, हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर माझ्या गच्चीवरच्या एका कुंडीने शिकवले. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या ग्लॅडिओलसची फुले संपल्यावर मी कुतूहलाने एक रोप मुळासकट उपटले. ज्या गड्ड्याला मी जपून माती लावली होती, तो सुकलेल्या सुपारीसारखा चपटा, सुरकुतलेला आणि पोकळ झाला होता, आणि त्याच्या डोक्यावर एक नवा, पांढरट, टणक गड्डा बसला होता. दोघांच्या मधल्या खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारीक गड्ड्या चिकटलेल्या होत्या. आपण लावलेला दृढकंद फुगून मोठा होत नाही, तो रोपाला पोसता पोसता संपतो आणि कोंबाच्या बुडाशी पुढच्या वर्षासाठी नवा तयार होतो. आता नवा दरवर्षी जुन्याच्या डोक्यावर बसणार असेल, तर काही वर्षांत रोप मातीच्या बाहेरच यायला हवे. तसे होत नाही, कारण नव्या दृढकंदाच्या तळातून जाड, आडव्या सुरकुत्या पडलेली मुळे निघतात आणि ती आक्रसून त्याला खाली ओढून घेतात. त्यांना संकोची मुळे म्हणतात. मी उपटलेल्या रोपालाही तशी दोन-तीन मुळे होती आणि आधी मी त्यांना कीड समजलो होतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. नवा गड्डा फुले येऊन गेल्यावर भरतो, म्हणून फुलांचा दांडा कापताना रोपावर निदान चार-पाच पाने राखावी लागतात आणि त्यानंतर दीड-दोन महिने, पाने पिवळी पडेपर्यंत, रोप उपटायचे नसते. दांड्यासोबत सगळी पाने कापून नेणाऱ्याला दुसऱ्या वर्षी गड्डे का बारीक झाले हे कोडे पडते आणि दोष बियाण्याला जातो.

आता कुलांकडे. फुलझाडाचे नाते ठरवताना वनस्पतिशास्त्राने गड्ड्यापेक्षा फुलाला जास्त मान दिला, आणि तो उगाच दिला नाही. ज्या प्रदेशात वर्षातले काही महिने ओलावा आणि उरलेले कडक कोरडे किंवा गोठवणारे असतात, तिथे जमिनीखाली शिधा साठवून झोपी जाणे ही युक्ती परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक वनस्पतींनी स्वतंत्रपणे साधलेली आहे. खुद्द केसर कुलातही ती एकाहून अधिक वेळा साधली गेली. आफ्रिकेतली मोरिया ही आयरिसची जवळची नातलग असून तिलाही दृढकंद असतो, पण तो खोडाच्या एकाच पेऱ्याचा बनतो, आणि ग्लॅडिओलसचा अनेक पेऱ्यांचा. दोन घरांत रांजण आहेत म्हणून ती घरे भाऊबंदांची ठरत नाहीत.

फुलाची साक्ष मात्र मोलाची असते. ग्लॅडिओलस आणि केशर बाहेरून एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. एकाचा दांडा पुरुषभर वाढून त्याच्यावर एका बाजूला कलती फुले ओळीने लागतात, तर दुसऱ्याचे जांभळे फूल थेट जमिनीतून वर येते आणि त्याचा किंजपुट, म्हणजे बी धरणारा भाग, मातीखालीच राहतो. तरीही दोघांना केसरदले, म्हणजे पुंकेसर, तीनच असतात, सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले) तळाशी जुळून नलिका होते आणि किंजपुट अधःस्थ, म्हणजे परिदलांच्या खाली असतो. कळलावीच्या फुलात केसरदले सहा आणि किंजपुट ऊर्ध्वस्थ, म्हणजे परिदलांच्या वर. हा फरक नवा नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये केसरदले मोजून वनस्पतींची मांडणी केली, तेव्हाच केशर, ग्लॅडिओलस आणि आयरिस हे तीन केसरदलांच्या वर्गात बसले होते आणि कळलावीचा नातलग कोल्चिकम सहांच्या वर्गात. म्हणजे या मुद्द्यापुरते अडीचशे वर्षांत काहीही उलटलेले नाही.

कोल्चिकम आणि केशर यांची गफलत जिवावर बेतू शकते, म्हणून थोडे विषयांतर करतो. दोघांनाही दृढकंद असतो, आणि युरोपातल्या कोल्चिकमची फुले केशराप्रमाणेच शरद ऋतूत, त्याच जांभळट रंगात, पाने नसताना जमिनीतून वर येतात. पण कोल्चिकममध्ये कोल्चिसीन हे तीव्र विष असते. तेच कळलावीतही असते, आणि दोघींना कोल्चिकेसी या एका कुलात ठेवण्याला या रसायनाचाही आधार आहे. युनानी औषधांत ‘सुरंजान’ म्हणून येणारी मुळी काश्मीरकडच्या पिवळ्या कोल्चिकमची. महाराष्ट्रातल्या गवताळ माळांवर पावसाळ्यात जांभळ्या चांदणीसारखी फुलणारी इफिजेनिया याच कुलातली असून तिलाही लहानसा दृढकंद असतो. कळलावीच्या जमिनीखालच्या भागाला मात्र कोणी दृढकंद म्हणतात, कोणी ग्रंथिक्षोड, तर कोणी मूलक्षोड. त्याचा नांगरासारखा वाकडा आकार पाहून संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हटले गेले, आणि मला तरी ते नाव या तिन्हींपेक्षा चोख वाटते.

निशिगंधाबाबत आपला आक्षेप अर्धा बरोबर आहे. त्याची बाजारात मिळणारी गाठ धड कांद्यासारखा कंद नव्हे आणि धड दृढकंदही नव्हे. वर पानांचे तळ आणि खाली जाड खोड, असा तो मिश्र प्रकार आहे. त्याचे नाते मात्र आता पक्के झाले आहे. मेक्सिकोतून आलेले हे झाड पूर्वी पॉलिअँथिस या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) होते, आता ते अगेव्ह प्रजातीत घेतले जाते. म्हणजे हारातली गुलछडी आणि शेताच्या बांधावरचे काटेरी घायपात हे सख्खे भाऊबंद आहेत.

आपण शिकलात ते बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांचे वर्गीकरण असावे, कारण आपल्याकडे अनेक पिढ्यांना तेच शिकवले गेले. त्यात कांदा, कोरफड, शतावरी, कळलावी ही सगळी लिलिएसी या एका मोठ्या कुलात होती. सहा केसरदले, ऊर्ध्वस्थ किंजपुट, त्याचे तीन कप्पे, एवढ्या लक्षणांवर ते कुल उभे होते, आणि ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की त्यांवरून जवळचे नाते सिद्ध होत नाही. १९९८ पासून एपीजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने डीएनएच्या पुराव्यावर जी मांडणी केली, तिच्या २००९ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत कांदा ॲमारिलिडेसीत, शतावरी ॲस्पॅरॅगेसीत, कळलावी कोल्चिकेसीत आणि कोरफड आणखी तिसरीकडे गेली. यातून मराठीत एक गंमत झाली आहे. लिलिएसीला आपण ‘पलांडू कुल’ म्हणतो, आणि पलांडू म्हणजे कांदा. तो कांदा आता त्या कुलात नाही. तो ज्या ॲमारिलिडेसीत गेला त्याला आपण ‘मुसली कुल’ म्हणत होतो, आणि काळी मुसली तिथूनही बाहेर पडली आहे. पाट्या राहिल्या आणि बिऱ्हाडे बदलली. या नावांचा विचार मराठी परिभाषा करणाऱ्यांनी कधीतरी करायला हवा.

तेव्हा आजचे वर्गीकरण उद्या बदलेल का? तपशिलात नक्की बदलेल. केशराच्या क्रोकस प्रजातीत १९८२ च्या मांडणीनुसार ऐंशीच्या आसपास जाती होत्या, आता दोनशेहून अधिक मानल्या जातात, आणि गड्ड्याची साले जाळीदार की उभ्या धाग्यांची यावरून पाडलेले त्यातले जुने गट डीएनएच्या कसोटीवर बऱ्याच ठिकाणी टिकले नाहीत. ग्लॅडिओलसमध्ये उलट घडले. ॲसिडँथेरासारख्या पूर्वी वेगळ्या मानलेल्या प्रजाती त्यात विलीन झाल्या आणि आज तिच्यात तीनशेच्या आसपास जाती धरल्या जातात, त्यांतल्या बहुसंख्य आफ्रिकेतल्या. पण केसर कुल केसर कुलच राहिले. बदल वारंवार होतात ते फांद्यांच्या शेंड्यांवर, आणि लिलिएसीसारखे मोठे कुल फुटते तेव्हा त्याचा पाया आधीपासूनच कच्चा असतो.

‘केशर’ या शब्दाबाबतही आपण मला पकडले आहे. केशराच्या काड्यांना मी लेखात ‘केसर’ म्हटले, आणि शास्त्रीय मराठीत केसरदल म्हणजे पुंकेसर. आपण खाण्यात वापरतो त्या लाल काड्या स्त्रीकेसराच्या, म्हणजे किंजल्काच्या आहेत. आपले बरोबर आहे. विशेष म्हणजे त्या किंजल्कावर परागकण पडून बी धरतच नाही, कारण लागवडीतल्या केशरात गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि ते वांझ असते. काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांत पिढ्यानपिढ्या उगवणारे केशर म्हणजे दृढकंदावर दृढकंद असा अखंड चाललेला वंश आहे. दृढकंद नसता तर ते कधीच नामशेष झाले असते.

राहिला सोलापूरचा प्रश्न. केशर इथे उघड्यावर होणार नाही, आणि लेखात मी तसा दावाही केलेला नाही. ग्लॅडिओलसची गोष्ट वेगळी. ऑक्टोबरात लावले तर गड्ड्याच्या जातीनुसार अडीच-तीन महिन्यांत, संक्रांतीला भरणाऱ्या आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास (इथे ‘गड्डा’ शब्दाने माझी पंचाईत केली आहे, पण सोलापूरकर समजून घेतील), दांडे निघतात आणि मार्चचे ऊन तापायच्या आत पाने पिवळी पडू लागतात. खरा पेच उन्हाळ्याचा आहे. काढलेले दृढकंद चाळीस अंशांच्या पुढच्या हवेत खोलीत ठेवले तर काही वाळून खडखडीत होतात, आणि काढताना जखम झालेल्यांना फ्युजेरियम बुरशीची तपकिरी कूज लागते. त्यांची झोप मोडायलाही थंडावाच लागतो. म्हणून मोठे उत्पादक ते शीतगृहात चार-पाच अंशांवर दोन-तीन महिने ठेवतात. मी माझे दहा-बारा गड्डे सावलीत आठवडाभर वाळवतो, खालची जुनी चकती हाताने मोडून टाकतो, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतो आणि ऑक्टोबरपर्यंत विसरून जातो. घरच्यांनी एकदा ते आळकुड्या समजून चिरायला घेतले होते. आता मी पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहितो.