भाच्याची चिमणी आणि माझा ओव्हन

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याच्या नावानं शिमगा चालू आहे. पोरानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणला तीन वर्षं कंत्राटी नोकरी केली, दर अकरा महिन्यांनी ब्रेक घेतला, आणि आता ते सगळं सोडून पुण्यात किचन चिमण्या साफ करायचा धंदा काढला. एक स्कूटर, एक स्टीम मशीन, दोन बादल्या. वाकड-हिंजवडीकडे एका चिमणीचे सातशे ते हजार रुपये घेतो. झालं ते एवढंच. त्यावर माझ्या थोरल्या चुलतभावानं लिहिलं, "लोकांच्या घरचं तेल पुसायला डिप्लोमा केलास का रे?" एका मावशीनं लग्नाचा विषय काढला. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, नुसते जोडलेले हात टाकले. ते कुणाला जोडले होते कोण जाणे.

आदल्याच रविवारी ह्याच चुलतभावानं "मराठी माणूस धंद्यात मागे का?" असलं लांबलचक फॉरवर्ड टाकलं होतं. परप्रांतातून आलेला पाणीपुरीवाला महिन्याला किती कमावतो आणि आपली पोरं कशी नोकरीच्या मागे लागतात, वगैरे. सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला.

या मंडळींना धंदा हवा असतो, पण गादीवर बसून गल्ला मोजायचा. हात कोपरापर्यंत काळे व्हायला लागले की त्याला धंदा म्हणत नाहीत, काम म्हणतात. आणि काम कुणी करायचं ते आपल्याकडे पोर जन्माला यायच्या आधीच ठरलेलं असतं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. चार वेळा टाइप केलं आणि पुसलं.

आता इथला हिशेब सांगतो. इंग्लंडात ओव्हन साफ करणं हा वेगळा, स्वतःच्या पायावर उभा असलेला धंदा आहे. व्हॅनवर नाव, फोन नंबर, मागे गरम पाण्याची टाकी. फ्रँचायझीवाल्या कंपन्या आहेत, एकटेदुकटे तर गल्लोगल्ली आहेत. त्यातला एकटादुकटा मी. आयटीतली नोकरी २०२० मध्ये गेली, वय सेहेचाळीस, मुलाखतीतली पोरं माझ्याशी फार आदरानं बोलायला लागली, आणि त्या आदराचा अर्थ कळण्याइतका मी इथे मुरलो होतो. २०२१ पासून लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव या गावात आणि आसपास ओव्हन साफ करतो.

काम दिसतं तितकं मठ्ठ नाही. आधी जाळ्या, ट्रे आणि बाजूच्या पट्ट्या काढून व्हॅनमधल्या टाकीत बुडवायच्या. त्या तिथे शिजतात तोवर घरात दार उतरवायचं. बिजागऱ्यांचे खटके नीट अडकवले नाहीत तर बिजागरी फाडकन मिटते, बोट घेऊन. मग पंख्यावरची झाकणपट्टी, दिव्याची काच, ब्लेडनं खरवडायचं काळं. सगळ्यात मजा दाराच्या काचांची. दोन काचांच्या मध्ये वरून ओघळलेलं तूपकट तपकिरी पाणी वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आणि ती काच सुटी होते हे बहुतेक घरांत ठाऊकच नसतं. ती चकचकीत करून परत बसवली की गिऱ्हाईक खाली वाकून त्यातून आरपार बघतं. पैसे त्या एका क्षणाचे मिळतात, असं माझं मत झालंय. पायरोलिटिक ओव्हन, ५०० अंशांच्या आसपास तापून आतली घाण जाळून राख करणारा, पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं होतं आता आपलं दुकान बंद. पण काचांमधले ते ओघळ तो जाळत नाही.

पहिल्या महिन्यात एका बाईंचा ॲल्युमिनियमचा ट्रे मी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकला. बुडबुडे आले, मला वाटलं छान चाललंय. बाहेर काढला तर कोळशासारखा काळा. कॉस्टिक चरबीचा साबण करतं आणि ॲल्युमिनियम खातं, हे शाळेत शिकलो होतो, आणि दहावीला रसायनात चांगले मार्कही होते. ट्रेचे पैसे भरून दिले.

आता परवडतं का? एका साध्या ओव्हनचे ६५ पौंड, डबलचे जास्त. ग्रुपवर आकडा सांगितला असता तर लगेच कुणीतरी रुपयाच्या भावानं गुणलं असतं: बापरे, सात हजार! गुणाकार सगळ्यांना येतो, वजाबाकी कुणी करत नाही. एका ओव्हनला दोन तास, वर एम-फोर हायवेवरची रांग. दिवसाला चार म्हणजे पाठ गेलीच, तीन बरे, सरासरी अडीच पडते. गेल्या वर्षी ५७५ कामं झाली, दर कामाला सरासरी ६८ पौंड, म्हणजे ३९ हजारांच्या थोडं वर. व्हॅन, डिझेल, विमा, रसायनं, जाहिरात यांत ११ हजार गेले. युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारं क्षेत्र, २०२३ च्या ऑगस्टमध्ये अख्ख्या लंडनभर पसरलं आणि माझी जुनी डिझेल व्हॅन शेजारच्या हिलिंग्डनमध्ये, म्हणजे लंडनच्या हद्दीत, शिरली की दिवसाचे साडेबारा पौंड मागायला लागली, म्हणून ती विकून दुसरी घेतली. उरलेल्या २८ हजारांवर कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठी सरकारला द्यायची सक्तीची वर्गणी) जाऊन हातात २४ हजारांच्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दरानं आठवड्याला चाळीस तास कुठल्याही गोदामात खोकी उचलली असती तर कर जाऊन साधारण २२ हजार मिळाले असते, आणि वर पगारी रजा. म्हणजे मालक असल्याची माझी मिळकत वर्षाला दोन हजार. फ्रँचायझी घेतली असती तर तीही नसती. मला सांगितलेला आकडा सुरुवातीलाच १५ हजारांचा होता, शिवाय महिन्याचा हप्ता.

नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र फोन थांबत नाही. नाताळची टर्की आत जायच्या आधी सगळ्यांना ओव्हन स्वच्छ हवा असतो. जानेवारीत शुकशुकाट, सोबतीला सेल्फ असेसमेंट, म्हणजे आपला कर आपणच मोजून भरायचा.

तरी मी म्हणेन, भाच्यानं करावं. दिवाळीच्या एका पार्टीत, हातात फराळाची प्लेट घेऊन, मी हे भाषणही ठोकलं होतं: इथे श्रमाला प्रतिष्ठा आहे, प्लंबर आणि प्रोफेसर एकाच पबमध्ये बसतात, आपल्याकडे हे कधी येणार! लोकांनी माना डोलावल्या. त्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं की मी श्रम कसले करतो. आणि खरं सांगायचं तर प्रोफेसरच्या शेजारी बसलेला प्लंबर मी अजून पाहिलेला नाही. इथे कामाला दर आहे, तो कुणी घासाघीस न करता देतं, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो. बाकी साफसफाईच्या व्हॅनमधून उतरणारी माणसं पोलंडची, रोमेनियाची, ब्राझीलची, पंजाबची आणि एक मिरजेची.

मिरजेच्या आमच्या घरी भांड्यांना मावशी यायच्या. कढया राखेनं घासायच्या. राख म्हणजे अल्कलीच, माझ्या टाकीचीच गावाकडची बहीण. त्यांचा कान तुटलेला कप परसदारी कोनाड्यात पालथा असायचा. कुणी त्यावर कधी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. इथल्या घरांत मला चहा त्यांच्याच मगमध्ये मिळतो, आर्सेनल फुटबॉल क्लबचा, "बेस्ट ग्रँडॅड"वाला. पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी तो मग विसळून ठेवला आणि मग बराच वेळ सिंकपाशी उभा राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात एका फ्लॅटवर गेलो. भाडेकरू सोडून चालले होते, डिपॉझिटसाठी ओव्हन साफ हवा होता. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय. ओव्हन उघडला तर आत चकाचक, फक्त तळाला दोन कढयांचे गोल डाग. आपल्या घरात ओव्हन म्हणजे कढया, तवे आणि न लागणारे डबे ठेवायचं कपाट. माझ्या स्वतःच्या घरीही तेच आहे. बाई फोनवर आईशी बोलत होत्या. "अगं ओव्हनवाला आलाय, ठेवते. हो, आपल्याकडचाच कुणीतरी दिसतोय बिचारा." मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, इंडियात कुठले? मी म्हटलं, "गुजरात."

का म्हटलं? अजून नीट सांगता येत नाही. गुजराती माणसानं व्हॅन घेऊन ओव्हन साफ केले की तो धंदा करतोय असं वाटतं, बहुतेक म्हणून.

त्यांनी चहा दिला. कागदी कपात. सामान सगळं पॅक झालं होतं, खोकी माझ्या पायाशीच होती, "कप-बश्या" असं मराठीत लिहिलेलीसुद्धा. त्यांचा काही दोष नव्हता. तरीही तो कप हातात घेतल्यावर मला कोनाडाच आठवला. काम मी तासाभरात उरकलं आणि दहा पौंड कमी घेतले.

गणपतीला त्या कुठे भेटतील या धास्तीनं गेल्या वर्षी आम्ही आरतीला गेलो नाही. बायको म्हणाली, "तुला भाच्याचा एवढा पुळका, मग व्हॅन दोन गल्ल्या सोडून का लावतोस?" आईला मी "किचन सर्व्हिसेस" एवढंच सांगितलंय. ज्या घरात अंड्याचा वासही चालत नाही, त्या घरातल्या माणसाला कसं सांगायचं की तुमचा मुलगा दिवसभर कोकराची वाळलेली चरबी ब्लेडनं खरवडतो? दाजींना वाटतं मी कसलासा मॅनेजर आहे. चुलतभाऊ माझं उदाहरण देतो. परवा त्यानं भाच्याला लिहिलं, "मामाकडून शिक काहीतरी."

हे छापून आलं की ग्रुपवर फिरेलच. फिरू दे.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. सोबत फोटो. "मामा, तुम्ही केमिस्ट्रीत हुशार होता असं आई म्हणते. एका चिमणीची जाळी गरम पाण्यात बुडवली तर काळी ठिक्कर पडली. काकू ओरडतायत. असं कशानं होतं?"

फोटो मोठा करून बघितला. ॲल्युमिनियमची जाळी, कडेला तोच राखाडी फेस.

मी लिहिलं, "कॉस्टिक टाकलंस का? ॲल्युमिनियमला चालत नाही. आधी कोपऱ्यात थेंब टाकून बघायचं. काकूंना नवी जाळी घेऊन दे, वाद घालू नकोस."

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ तो काहीतरी टाइप करत होता. मग आलं, "मामा, तुम्हाला हे कसं माहीत?"