रांग लागते कुठे?

सत्यनारायणाचा प्रसाद झाला, ताटं आवरली आणि विषय निघाला तो फ्रान्सहून इंग्लिश खाडीतून होड्यांनी आश्रय मागायला येणाऱ्या लोकांचा. लंडनच्या उपनगरातलं घर, आम्ही दहा-बारा जण, निम्मे पुण्या-ठाण्याचे. यजमान म्हणाले, "आपण नाही का रीतसर रांगेत उभे राहून आलो? यांनाच कसली एवढी घाई?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही अर्धी हलली. कारण रांगेत मी खरंच उभी होते. क्षयरोग नसल्याचा दाखला, बँकेचे कागद, दहाही बोटांचे ठसे. एका कागदावरचा शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. कोल्हापूरच्या घरच्या ग्रुपवर आतेभावाने काहीतरी ढकललं होतं, घुसखोरांना हाकला वगैरे. खाली काकांचा अंगठा. म्हणजे एकाच वेळी मी दोन बैठकांत बसले होते आणि दोन्हीकडचा सूर एकच होता. फरक इतकाच, की तिकडे आम्ही घरमालक आणि इकडे भाडेकरू, तेही नवे.

कामाला जाताना मी लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला उतरते. बाहेर काही मुलांचे ब्राँझचे पुतळे आहेत. हातात बॅगा, एकाजवळ व्हायोलिनची पेटी. दुपारी लोक त्यांच्या पायाशी बसून सँडविच खातात, मीही खाल्लंय. १९३८-३९ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून ब्रिटनमध्ये आलेल्या सुमारे १०,००० मुलांची ही आठवण. त्यातला एक मुलगा, अल्फ डब्स, सहा वर्षांचा, प्रागहून आला. बाप ज्यू, जर्मन फौजा शिरताच तो लंडनला निसटला होता. आईला बाहेर पडायची परवानगी मिळेना, म्हणून तिने पोराला एकट्यालाच गाडीत बसवलं. बरोबर शिदोरी दिली होती. दोन दिवसांच्या प्रवासात त्याने ती उघडलीच नाही. गाडी हॉलंडमध्ये शिरली तेव्हा मोठी मुलं आनंदाने ओरडायला लागली. याला कळेना काय झालं. हा आपला पवनचक्क्या आणि लाकडी बूट शोधत होता.

आई युद्धाच्या अगदी तोंडावर येऊन पोचली. वडील थोड्याच काळात गेले.

ही मुलं कुठल्या रांगेतून आली? रांग नव्हतीच. जर्मनीत ज्यूंची घरं-दुकानं जाळली गेल्यावर १९३८च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारने ठरवलं, की आईबापांशिवाय येणाऱ्या मुलांना व्हिसाची अट नको. मग निकोलस विंटन नावाच्या शेअर दलालाने प्रागच्या ६६९ मुलांसाठी घरं शोधली, प्रत्येकी ५० पौंडांची हमी गोळा केली. म्हणजे आधी कुणीतरी रांग तयार केली, आणि मग मुलं तिच्यात उभी राहिली. आज युद्धातून पळणाऱ्या सुदानी माणसाला ब्रिटनचा आश्रय मागायचा तर आधी ब्रिटनमध्ये पोचावं लागतं, आणि त्यासाठी आश्रयाचा म्हणून काही व्हिसाच नाही.

डब्स पुढे १९७९ ते १९८७ लेबर पक्षाचे खासदार होते. निवडणूक हरल्यावर निर्वासितांसाठी काम करणाऱ्या रेफ्युजी कौन्सिलचे प्रमुख झाले. १९९४ साली लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात गेले, १९९७ ते १९९९ उत्तर आयर्लंडच्या खात्यात उपमंत्री. (बघा, निर्वासित मंत्रीसुद्धा होतात, असं कौतुक मला करायचं नाही. ६६९ मधल्या बाकीच्यांनी दुकानं चालवली, शाळेत शिकवलं असेल. त्यांचं येणं काही कमी रास्त नव्हतं.)

मला भावलं ते त्यांचं त्र्याऐंशीव्या वर्षीचं काम. २०१६ साली युरोपातल्या छावण्यांत हजारो मुलं एकटी पडली होती. डब्स यांनी इमिग्रेशनच्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली, की त्यातली ३,००० मुलं ब्रिटनने घ्यावीत. लॉर्ड्सने ती मंजूर केली, खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, २९४ विरुद्ध २७६ मतांनी पाडली. त्यांनी आकडा काढून टाकला आणि पुन्हा आणली: सरकारने नगरपालिकांशी बोलून संख्या ठरवावी. ही दुरुस्ती मंजूर झाली. मग पुढच्या फेब्रुवारीत सरकारने जाहीर केलं, ३५०, बस्स. काही आठवड्यांनी कळलं, की कारकुनी चुकीमुळे एका भागातल्या १३० जागा मोजायच्याच राहिल्या होत्या. झाले ४८०. एका गाळलेल्या ओळीत १३० मुलं! आत बसून दर आठवड्याला "आकडा कितीवर आला?" असं विचारणारं कुणी नसतं, तर त्या जागांचं काय झालं असतं?

आता कोल्हापूर. आमच्या घरात लग्न निघालं की कापडखरेदी गांधीनगरला, हे ठरलेलं. सिंधी दुकानदार, गाद्यांवर पसरलेल्या साड्या, मागवलेला चहा. ही वसाहत म्हणजे मुळात वळिवड्याची छावणी. सोव्हिएत रशियाने सैबेरियात हाकललेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून इथे राहिले. ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीचे सिंधी आले. घुसखोरांबद्दल अंगठा देणाऱ्या माझ्या काकांच्या मुंजीचं कापड तिथलंच आहे.

म्हणजे मन आपलं कोतं नाही. १९७१ साली देशाने कोटीभर माणसं सांभाळली. आपल्याकडे नाही तो नियम. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. त्यामुळे ज्याला त्याला तेव्हाच्या सरकारची मर्जी. डिसेंबर २००३ मध्ये राज्यसभेत मनमोहन सिंग यांनी, बांगलादेशातून आलेल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देताना उदार व्हावं, असं म्हटलं आणि उपपंतप्रधान अडवाणींनी ते मान्य केलं. फाळणीत घर गमावलेली दोन माणसं, समोरासमोर, आणि एकमत. त्यानंतर त्यातले एक दहा वर्षं पंतप्रधान होते. तरी कायदा झाला नाही. २०१९ साली झाला तो नागरिकत्वाचा, त्यात तीन देश आणि सहा धर्मांची यादी. यादीबाहेरच्या माणसाने अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, ते त्यात नाही. घरचा वाद या यादीवरच अडकलाय. खिडकीबद्दल कुणी बोलत नाही, ना यादीच्या बाजूचे, ना विरोधातले.

त्या दुपारी मी यातलं काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, "ती रांग लागते कुठे? सुदानच्या खार्टुममध्ये की होड्या सुटतात त्या फ्रान्सच्या कॅलेला?" यजमान म्हणाले, "असेल की वकिलातीत कुठेतरी." मग यजमानीणबाई आतून येऊन म्हणाल्या, "ते राहू दे गं. पण घ्यायचे किती, ते सांग. इथल्या शाळेत आत्ताच जागा नाहीत."

हा प्रश्न खरा होता. त्यावर आमचं तासभर नीट भांडण झालं, चहा दोनदा झाला, आणि शेवटची गाडी चुकता चुकता राहिली.