मामा, तो 'सेवेला थकवा नसतो'वाला फॉरवर्ड

काल मामांनी फॅमिली ग्रुपवर 'खऱ्या सेवेला थकवा नसतो' हा फॉरवर्ड टाकला आणि खाली ताईला टॅग करून लिहिलं, 'तुझ्यासाठीच आहे बघ'. ताई ठाण्यात स्टाफ नर्स आहे, सलग पाचवी नाइट करून आली होती, तिने तो पूर्ण वाचला आणि इन्चार्ज सिस्टरना मेसेज टाकला की माझा उद्याचा ऑफ कोणाला हवा असेल तर द्या. म्हणून लिहितेय, नाहीतर असले फॉरवर्ड मी न वाचताच उडवते.

पहिला मुद्दा काय, तर पहाटे चारला उठून ध्यान करा. अहो, पहाटे चारला ती जागीच असते, सलाइन बदलत! कोमट पाणी, हळद, हसतमुख राहा वगैरे सोडूनच देते.

डोक्यात गेला तो तिसरा. 'बर्नआउट पगारासाठी काम करणाऱ्यांना होतो, मनापासून सेवा करणाऱ्यांना नाही. सुट्टी मागणारी नर्स पेशंटची अपराधी.' अरे, बर्नआउट म्हणजे कामाने पार थकून कोलमडणं, या शब्दावर पहिल्यांदा नीट लिहिलं ते हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली, आणि कोणाला बघून? न्यूयॉर्कच्या एका फुकट दवाखान्यात राबणाऱ्यांना, ज्यात स्वयंसेवक भरपूर होते, आणि तो स्वतःही दिवसा आपली प्रॅक्टिस करून रात्री तिथे जायचा, तोही असाच कोलमडला. म्हणजे सगळ्यात आधी मनापासून करणारेच थकले की! आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटला आजार म्हटलेलंच नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. खुणा तीन दिल्यात, अंगात त्राण न उरणं, कामावरून मन उडणं किंवा तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मी हे वाचून दाखवलं तर ताई म्हणाली, दुसरी मला आहे गं, परवा एका आजोबांवर उगाच खेकसले आणि मग लिननच्या खोलीत जाऊन रडले. आता हा ताण येतो कुठून? एका नर्सकडे किती पेशंट, रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीची नर्स वेळेवर येते का, तिला पेशंटची माहिती देण्यात, हँडओव्हरला, जाणारा वेळ ड्युटीत धरतात का, इथून. तिची श्रद्धा कमी पडली म्हणून नाही.

पुढे, 'नाइटिंगेलने कधी विश्रांती घेतली का?' नर्सिंगचा पाया घालणारी ही फ्लोरेन्स नाइटिंगेल, तिलाही घ्यावी लागली हो! १८५६ला क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर ती अशी आजारी पडली की पुढची कित्येक वर्षं बहुतेक खोलीतच, अंथरुणावर. तिथूनच तिने अहवाल लिहिले, हॉस्पिटलांची व्यवस्था सुधारा म्हणून सरकारच्या मागे लागली. नर्सने झोपू नये असं नाही लिहिलं त्यात.

'रोज वीस मिनिटं चाला' एवढं मात्र बरोबर आहे, घ्या. तलावपाळीला दोन चकरा मारून आली की ताईचा चेहराच वेगळा दिसतो. पण त्या चकरा ती ऑफलाच मारते, आणि तोच तुम्ही द्यायला लावलात.

तासाभरापूर्वी इन्चार्ज सिस्टरचा रिप्लाय आला, ऑफ तुझाच ठेवलाय, येऊ नकोस. ताई आत पडदे ओढून झोपलीय, तिचा फोन माझ्याकडे आहे. मामा, उद्या तिला गुड मॉर्निंगसुद्धा पाठवू नका.