‘एक कोल्हापूरकर’ यांना उत्तर: तान्शेन, सॉर्बिट्रेट आणि ‘कुणालाच माहीत नाही’

नमस्कार.

स्टेबल अँजायना (श्रम केल्यावर छातीत दुखणं, थांबल्यावर जाणं) आणि तान्शेनसारख्या चिनी वनौषधींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘तुमच्यासारखे अर्धवट माहितीवाले पेशंटचा जीव घेतात. तान्शेन आणि सॉर्बिट्रेट एकत्र घेतल्यावर काय होतं हे कुणालाच माहीत नाही. चाचण्या सगळ्या चीनमधल्या. आपला अर्जुन विसरलात. माझ्या मामांनी तुमचं वाचून ऑनलाइन गोळ्या मागवल्या.’

‘जीव घेतात’ हा मुद्दा नाही, आरोप आहे. नाव लपवून असा आरोप करणं मला गैर वाटतं. तान्शेन घ्या असं लेखात कुठेही नाही. कुणी घेतच असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवून, त्यांना सांगून, एवढंच आहे. राजारामपुरीत औषधाच्या काउंटरमागे माझं निम्मं आयुष्य गेलं. हृदयाच्या पेशंटच्या चिठ्ठ्या रोज हातातून जातात. अर्धवट म्हणण्याआधी एवढी तरी चौकशी करायची होतीत.

एक मान्य करतो. वॉरफरिन आणि एसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा इशारा लेखात अगदी शेवटी होता, तो वर हवा. आजच वर घेतला.

आता तुमचं ‘कुणालाच माहीत नाही’. हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं, कारण ते वाचून माणूस विचारायचंच सोडून देतो. बरंच माहीत आहे.

आधी सॉर्बिट्रेट, म्हणजे अँजायनाच्या झटक्यात घ्यायची गोळी. 5 मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली विरघळली की शिरा सैल होतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयावरचा भार उतरतो. बीपीही उतरतो, म्हणून ती बसूनच घ्यायची. तान्शेनच्या थेंबगोळीत तान्शेनचं मूळ, सान्ची (जिनसेंगच्या कुळातलं मूळ) आणि भीमसेनी कापरासारखं बोर्निऑल असतं. एक गोळी 27 मिलिग्रॅमची, नेहमीचा डोस एका वेळी 10, दिवसातून तीनदा. तीही रक्तवाहिन्या सैल करते. म्हणजे दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने, आणि बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) व बीपीची गोळी आधीच चालू. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती इथून. तपासायचं कसं तेही सांगतो. पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा, मग उभं राहून तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने घसरला, किंवा 100 च्या खाली गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुसरी गोष्ट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, आणि खरा धोका इथे आहे. तान्शेन घेणाऱ्या वॉरफरिनच्या पेशंटचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) भलताच चढल्याच्या नोंदी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकातच छापल्या. झडप बदललेल्या एका पेशंटचा तर 8 च्या वर गेला होता. अशा पेशंटला साधारण 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात. तान्शेनमधली द्रव्यं वॉरफरिन शरीरातून बाहेर पडण्याचा वेग कमी करतात हे उंदरांवर दिसलं आहे, शिवाय ती प्लेटलेट्सनाही चिकटू देत नाहीत. एसिट्रॉम त्याच कुळातली, म्हणून तिलाही तोच नियम. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या दोन्ही चालू असतील तर हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शौच याकडे लक्ष हवं. दात काढायचा असला तरी दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर अशी वनौषधी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. धडधडीवरच्या चिनी काढ्यात ज्येष्ठमध भरपूर असतो. रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं, पाणी साचतं, बीपी चढतो. सोबत फ्रुसेमाइडसारखी लघवीची गोळी असेल तर पोटॅशियम आणखी खाली, आणि त्यावर डिगॉक्सिन (हृदयाची गोळी) म्हणजे ठोक्यांची लय बिघडायला आमंत्रण. शेश्यांग बाओशिन नावाच्या गोळीत कस्तुरीसोबत बेडकाचं विषही असतं. त्याची क्रिया डिगॉक्सिनसारखी, आणि डिगॉक्सिनची रक्तातली पातळीही त्यामुळे चुकीची दिसू शकते. ‘ताकद वाढवणारं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वनौषधींत न सांगता सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं पकडलं गेलं आहे. त्यावर सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी जीवघेणा कोसळतो. 24 तासांचं अंतर लागतं, त्याच कुळातलं टाडालाफिल असेल तर 48 तासांचं. पण डबीवर लिहिलेलंच नसेल तर अंतर ठेवणार कोण? ऑनलाइन मागवलेल्या निनावी डबीला माझा विरोध याचसाठी आहे.

चाचण्या चीनमधल्या, हा आक्षेप मला हलका वाटतो. चिनी औषध तपासणार तेच लोक. निकाल काय आला ते बघा. शेश्यांग बाओशिनची 2,674 पेशंटवर दोन वर्षं चाचणी झाली. हार्ट अटॅकसारख्या गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत 1.9 टक्के, औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत 2.6 टक्के. फरक खात्रीने सांगण्याएवढा नाही. अँजायनाचे झटके मात्र कमी झाले. मी लेखात एवढंच लिहिलं होतं. अर्जुनाच्या सालीचं म्हणाल तर 2002 मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी 58 पुरुषांवर केलेला अभ्यास मला ठाऊक आहे, पण तो विषय वेगळा आणि लेख चिनी औषधांवर होता.

आता मामा. तुमच्यावर राग असला तरी त्यांच्यावर नाही. त्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, ऑनलाइनची डबीसुद्धा. त्यात वॉरफरिन किंवा एसिट्रॉम निघाली तर तान्शेन आजच थांबवा आणि उद्या सकाळी आयएनआर करून घ्या. थांबवल्यावर आठवड्याभराने पुन्हा करा, कारण आकडा खाली येतो आणि गोळीचा डोस डॉक्टरांना बदलावा लागू शकतो. मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर) मात्र घाबरून एकदम बंद करू नका, त्याने अँजायना उसळतो, हार्ट अटॅकही येऊ शकतो. रंकाळ्याला फेरी मारताना ठरावीक अंतरावर दुखणं आणि थांबल्यावर जाणं वेगळं. बसल्याजागी दुखलं, किंवा पहिल्यापेक्षा कमी चालण्यात दुखायला लागलं, तर तो स्टेबल राहिला नाही, थेट हॉस्पिटल गाठा. सॉर्बिट्रेट घेऊन पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन, स्वतः गाडी चालवत सीपीआर हॉस्पिटलला जायचं नाही.

पाकिटांवरची नावं आणि मिलिग्रॅम इथेच खाली लिहा. रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.