चॉकलेटची कहाणी गाईपासून सुरू होत नाही

आज भाचीच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानातून ‘चॉकलेटची कहाणी’ हा तक्ता आणला. पहिलंच चित्र स्वित्झर्लंडच्या गाईचं! डोकंच फिरलं माझं.

अरे, त्याआधीची हजारो वर्षं कुठे गेली? इक्वाडोरमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडलेत. मध्य अमेरिकेतले प्राचीन माया लोक भांड्यांवर कोकोचं नाव लिहायचे. मेक्सिकोत कोकोच्या बिया चलन म्हणून चालायच्या. तिथल्याच त्लाश्काला गावाच्या १५४५च्या भावयादीत टर्कीची मादी शंभर बियांना आहे. यातलं एक अक्षर तक्त्यावर नाही.

माझी एक सहकारी मेक्सिकोतल्या वाहाकाची होती. एकदा घरी आली आणि आजीने पाठवलेल्या दालचिनी घातलेल्या चॉकलेटच्या वड्या तिने गरम पाण्यात टाकल्या. दूध नाहीच. घुसळायला आईने ताकाची रवी दिली. ती दोन तळव्यांत धरून तिने अशी सफाईने फिरवली की आई बघतच राहिली! फेस चढेपर्यंत एकालाही कप दिला नाही तिने. आठव्या शतकातल्या एका माया भांड्यावर एक बाई उंचावरून चॉकलेट ओतताना रंगवली आहे, तीसुद्धा फेसासाठीच. म्हणजे बघा, किती जुनी रीत आमच्या ओट्यावर चालली होती.

बरं, मान्य. १८२८ला नेदरलँड्सच्या फान हाउटेनने कोकोतली चरबी वेगळी काढायचं दाबयंत्र आणलं, १८७५ला स्वित्झर्लंडच्या दानिएल पेटरने चॉकलेटमध्ये दूध घातलं. द्या त्यांना श्रेय. पण मधल्या पानापासून पुस्तक वाचायचं नसतं ना!

त्या दिवशी कप हातात घेऊन ती सहकारी सांगत होती, घरातली वारलेली माणसं नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरी येतात असं मानतात, तेव्हा आजोबांच्या फोटोपुढे हेच चॉकलेट ठेवतात. आई लगेच म्हणाली, “आपण पितरांना पान वाढतो, तसंच की.” दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी कळलं सगळं.

आणि तक्त्याचा शेवट? चकचकीत कागदातली वडी. आज जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानात पिकतो. बागांमधली बालमजुरीची सगळ्यात वाईट रूपं २००५पर्यंत संपवू, असं बड्या कंपन्यांनी २००१मध्ये लिहून दिलं होतं. मुदत कधीच उलटली. पोरं अजून कोयत्याने फळं फोडताहेत. भाचीला म्हटलं, तक्ता राहू दे, आपण मोठा कागद आणू आणि हे सगळं हाताने लिहू.